आईचा मिस कॉल

आईचा मिस कॉल दुपारी कधी येत नसे. तो यायचा दिवेलागणीला, कोंबड्या खुराड्यात कोंडून झाल्यावर. एकदा वाजून बंद झाला की समजायचं, आई घरात आहे, चूल पेटली आहे, सगळं ठीक आहे. पाठोपाठ दोनदा वाजला तर मी उलट फोन करायचा. बाबा गेल्यानंतर आम्ही दोघींनी ही पद्धत बसवली होती. मुरबाड तालुक्यात सरळगावच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला तिची वाडी. मी शहापूरला. मला भाऊ नाही, बहीण नाही. तिला घर सोडायचं नव्हतं आणि मला नोकरी सोडता येत नव्हती. तेव्हा तिच्या हातात बटणांचा एक साधा फोन दिला आणि दोनच्या आकड्याचं बटण दाबून धरलं की माझा फोन वाजतो, एवढं शिकवलं. वाडीत माझ्या फोनला रेंज मिळत नाही, म्हणून तिला मुद्दाम तिथे लागणाऱ्या कंपनीचं कार्ड घेऊन दिलं. उचललेल्या फोनला पैसे पडतात आणि न उचललेल्याला पडत नाहीत, हे ती स्वतःच कुठून तरी ऐकून आली होती. पुढे महिन्याचे पैसे एकदाच भरायचे आणि हवं तेवढं बोलायचं, असे दिवस आले. तिला ते सांगून पाहिलं.

"असंल," ती म्हणाली, आणि त्याही संध्याकाळी पहिली रिंग वाजताच फोन बंद केला.

मी शहापुरात एका खाजगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकवते. त्याआधी खर्डीच्या बाजूला एका मराठी शाळेत होते. तिथे मुलं मला बाई म्हणत. इथे पाऊल टाकल्याबरोबर मी मिस झाले. एकदा आई शाळेच्या स्नेहसंमेलनाला आली होती. नाचाचे कपडे घातलेली पोरं माझ्याभोवती मिस, मिस करत होती आणि आई खुर्चीवर बसून ते ऐकत होती. घरी आल्यावर तिने विचारलं, "तुला मिस का गो म्हणतात? तुझा फोन लागत नाय काय?"

इंग्रजीत लग्न न झालेल्या बाईला तसं म्हणतात, असं मी सांगितलं.

"मंग तुझं तर लगीन झालंय."

शाळेत सगळ्यांनाच म्हणतात, असं काहीतरी बोलले. मग तिला सांगितलं की गाडी चुकली तरी मिस झाली म्हणतात, नेम चुकला तरी मिस, आणि कोणाची आठवण येत असली तर तेही मिस करणंच. दहावी होऊन गेलेल्या मुलींची पत्रं माझ्याकडे होती, त्यांत मोठ्या अक्षरांत 'मिस यू मिस' लिहिलेलं होतं. तीही दाखवली. आई वाचत नाही, पण अक्षरांवरून तिने बोट फिरवलं. "एकाच शब्दाला किती राबवतात," म्हणाली, आणि भाकरी थापायला बसली. तिला मिस म्हणजे एकच गोष्ट ठाऊक होती. फोन एकदा वाजवायचा, की लेकीला कळतं आपण आहोत.

आता सांगते ते झालं मार्गशीर्षात. भात झोडून झालं होतं, पेंढ्याच्या उडव्या लागल्या होत्या. शाळेत आम्हांला वर्गात फोन नेता येत नाही, शिक्षकांच्या खोलीतल्या कपाटात ठेवावा लागतो. मधल्या सुट्टीत डबा काढायला गेले तेव्हा सवयीने फोन पाहिला. पडद्यावर आईच्या मिस कॉलची रांग लागली होती. पहिला सकाळी प्रार्थना संपल्यानंतरचा, शेवटचा नुकताच येऊन गेलेला. मधे काही पाठोपाठ, काही बऱ्याच वेळाने.

मी फोन लावला. ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर असल्याचं एका बाईने मराठीत सांगितलं, मग हिंदीत सांगितलं. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

आईच्या शेजारी एक कुटुंब राहतं. त्या घरच्या सुनेला मी वहिनी म्हणते. तिला फोन केला. मागे गलका ऐकू येत होता. ती सरळगावच्या बाजारात होती.

"काकी सकाळीच गेल्यात कोयता घेऊन," ती म्हणाली. "घेवड्याच्या मांडवाला कारवी आणते बोलल्या. मी बोल्ले, थांबा, बाजार करून येते, मंग जाऊ दोघी. नाय थांबल्या."

"कुठल्या बाजूला गेली?"

"ते नाय सांगितलं. आमी कारवीला दोन-तीन ठिकाणी जातो ना. जेवायला येते बोलल्या होत्या. आल्या पण असतील घरी."

"मला तिचे मिस कॉल येतायत वहिनी. सकाळपासून."

ती गलक्यातून बाजूला आली. मग म्हणाली, "मी निघते. घरी जाऊन सांगते तुमाला."

मी मुख्याध्यापिकांना सांगून निघाले. जिन्यात माझ्या वर्गातली मुलं भेटली, मिस तुम्ही कुठे चाललात, मिस आज हिंदीचा तास आहे का, असं विचारत दाराशी आली. मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. रस्त्यावर येऊन नवऱ्याला फोन केला. तो दादरला कामाला आहे. "मी निघतो लगेच, आसनगावला उतरून येतो," म्हणाला. "आणि तू पोलिसांना सांग. वाट बघत बसू नको."

शहापूरच्या नाक्यावर किन्हवलीकडे जाणाऱ्या जीप उभ्या असतात. भरल्याशिवाय सुटत नाहीत. मी एका जीपवाल्याला विचारलं, मला एकटीला सरळगावच्या पुढे सोडाल का. त्याने माझ्याकडे पाहिलं, हातातला चहा टाकून दिला आणि म्हणाला, "बसा ताई." पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस होता.

किन्हवलीपर्यंत गाडी बरी चालली. मी फोन दोन्ही हातांत धरून बसले होते. त्या रस्त्याला रेंज येते आणि जाते. गेली की मला वाटे, आत्ताच तिने फोन लावला असेल. आली की मी पडद्याकडे बघत बसे. किन्हवली मागे पडल्यावर जीप आचके द्यायला लागली. चढावर तर थांबते की काय असं झालं.

"काय झालं?"

"मिसिंग मारतेय," जीपवाला म्हणाला. "इंजिन. सकाळी बरी होती. पोचवतो तुमाला, घाबरू नका."

आणि नेमका तेव्हा फोन वाजला. एक रिंग. मी हिरव्या खुणेवर बोट टेकवायच्या आत बंद. आईचा होता. मी उलट लावला, बाहेर. परत लावला, बाहेर. जीपवाल्याने गाडी कडेला घेतली होती. तो आरशातून माझ्याकडे बघत होता.

"आई आहे," मी म्हणाले. "डोंगरात गेली आहे सकाळी. परत आलेली नाही."

त्याने मान हलवली आणि गाडी सुरू केली. तेवढ्यात नवऱ्याचा निरोप आला. 'लोकल मिस झाली. पुढची पकडतो.' एरवी आठवड्यातून दोनदा येणारा निरोप. त्या दिवशी ते वाक्य वाचताना त्यातला मधला शब्दच डोळ्यांपुढे राहिला. मी फोन पालथा करून मांडीवर ठेवला आणि लगेच पुन्हा सरळ केला.

सरळगावच्या अलीकडे वहिनीचा फोन आला. घराला कुलूप होतं. कौलांतून धूर नव्हता. दारात झाकून ठेवलेलं कोंबड्यांचं पाणी तसंच होतं, म्हणजे आई दुपारी घरी फिरकलीच नव्हती. वहिनीचा नवरा आणि जवळच्या ठाकूरवाडीतले चौघं-पाच जण कारवीच्या रानाकडे निघाले होते. "पण ताई," वहिनी म्हणाली, "रान तीन अंगाला हाय. वरल्या पठाराखाली हाय, ओढ्याच्या पल्याड हाय, आनी गायमाळाच्या मागं हाय. काळोख लवकर पडतो आता. कुठं पहिलं जाऊ ते सांगा."

मला कुठून माहीत असणार? लग्न होऊन मी त्या रानातून बाहेर पडले त्याला कितीतरी वर्षं झाली. लहानपणी आईबरोबर कारवीला जायचे ते ओढ्याच्या पलीकडे. तेच सांगितलं. मग मनात आलं, आपण चुकीचं तर नाही सांगितलं.

रस्त्यात पोलीस चौकी लागते. नवऱ्याने सांगितलं होतं म्हणून मी उतरले. आत एक हवालदार काहीतरी लिहीत होते. मी सगळं भडाभडा सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवून ऐकून घेतलं.

"म्हणजे मिसिंग घ्यायची का मॅडम?"

तो शब्द त्यांनी रोजच्या कामाचा म्हणून उच्चारला. मी त्यांच्या पेनाकडे पाहिलं. आईचं नाव त्या शब्दापुढे लिहिलं की ती खरोखरच हरवेल, असं काहीतरी वेडगळ मला वाटलं.

"मिसिंग नाही," मी म्हणाले. "तिचे मिस कॉल येतायत."

"मग संपर्कात आहेत ना त्या?"

"नाही हो. वाजतो आणि बंद होतो. मी लावला की लागत नाही."

"बंद कोण करतं? त्या करतात की आपोआप तुटतो?"

हा प्रश्न मला दिवसभरात पडला नव्हता. मी विचार केला. "तीच करत असेल. तिला सवय आहे. पहिली रिंग वाजली की ती बंद करते. पैसे जाऊ नयेत म्हणून."

"मग मिस होऊ देऊ नका," ते म्हणाले. "रिंग संपायच्या आत उचला. बोटच काढू नका तिथून. आमचा माणूस पाठवतो मी वाडीवर, आणि तुमचा नंबर द्या. पण आधी तो फोन पकडा."

बाहेर आले तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. जीपवाल्याने बॉनेट उघडून काहीतरी ठीकठाक केलं होतं. आम्ही निघालो. वाडीच्या फाट्यावर एक जुनी मोरी, छोटा पूल, आहे. तिथपर्यंत माझ्या फोनला पूर्ण रेंज असते आणि पुढचं वळण घेतलं की एकदम जाते, ते मला ठाऊक होतं. दर वेळी त्या मोरीवर मी नवऱ्याला फोन करून सांगते, आता पोचले, आता लागणार नाही.

जीप मोरीवर आली आणि मी म्हणाले, "थांबा."

"वाडी पुढं हाय ना?"

"पुढे गेले तर तिचा फोन मला लागणार नाही."

जीपवाला थांबला. समोर डोंगर दिसत होता. त्या डोंगरात कुठेतरी ती होती आणि तिला शोधणारी माणसंही होती. मला धावत जावंसं वाटत होतं. वहाणा काढून, साडी खोचून, लहानपणी चढायचे तशी चढून जावं, तिच्या नावाने ओरडावं. आणि तिच्या हातातलं ते एक बटण फक्त या मोरीवरच मला भेटू शकत होतं. दुसरा कुठलाही नंबर तिला लावता येत नव्हता. मी शिकवलाच नव्हता.

मी मोरीच्या कठड्यावर बसले. जीपवाल्याने न सांगता गाडी बंद केली, कारण इंजिनाच्या आवाजात रिंग ऐकू यायला वेळ लागला असता. तो थोडा लांब जाऊन उभा राहिला. मी फोन डाव्या हातात आडवा धरला आणि उजव्या हाताचा अंगठा पडद्यापासून कणभर वर ठेवला. जिथे हिरवी खूण उमटते तिथे. मी मनगट गुडघ्यावर टेकवलं.

नवऱ्याला आधीच निरोप पाठवला होता, मला फोन करू नका. वहिनीला सांगितलं होतं, आई सापडली तरच करा. कठड्याच्या खाली सुक्या ओढ्यात दोन बगळे होते, एवढंच आठवतं. अंगठा अवघडला. तो बदलावा असं वाटलं आणि बदलायच्या क्षणी वाजला तर, म्हणून बदलला नाही.

फोन वाजला. माझा अंगठा आपोआप खाली गेला.

"आई."

"मिस," पलीकडून बाईचा आवाज आला. "मी अमक्याची मम्मी बोलतेय. उद्या ते चार्ट पेपरचं काय आणायचं सांगितलंय मिस?"

मी फोन बंद केला. काही न बोलता. त्या बाईंना पुढे मी समजावून सांगितलं आणि त्यांनीही मनाला लावून घेतलं नाही. पण त्या क्षणी मिस ही हाक ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आलं तर पडदा नीट दिसणार नाही म्हणून मी ते पदराने पुसलं. तेवढ्या वेळात आईचा फोन येऊन गेला असता तर? नव्हता आला. पाहिलं.

सूर्य डोंगराच्या धारेला टेकला. जीपवाला पाण्याची बाटली घेऊन आला, माझ्या शेजारी ठेवून परत गेला.

मग वाजला. पूर्ण एक रिंगसुद्धा झाली नव्हती, मी उचलला.

"आई, बंद करू नको. आई."

वारा ऐकू आला. पानं घासल्यासारखा आवाज. मग काहीच नाही. फोन तुटला होता.

मी तिथेच उभी राहिले. जीपवाला पळत आला. "बोलल्या?"

"नाही."

"पण लागला ना. उचलला गेला. आता त्यांना कळलं असंल."

मी परत बसले. हात पुन्हा तसाच धरला. या वेळी मनाशी ठरवलं, उचलल्यावर आधी ओरडायचं नाही, ऐकायचं. ती काय बोलते ते ऐकायचं. फार वेळ गेला नाही. रिंग आली आणि मी पकडली.

वाऱ्याच्या मागून, खूप लांबून, विहिरीच्या तळातून यावा तसा आवाज आला. "अगो, उचलू नको. पैसे जातील."

"जाऊ देत. आई, तू कुठे आहेस?"

"गायमाळाच्या मागं. घळीत. उंबर हाय मोठा, त्याच्या खाली." मधे आवाज गेला आणि परत आला. "पाय नाय उचलत."

"बंद करू नकोस. हलू नकोस. माणसं येतायत."

"कोण येतंय?" तिने विचारलं, आणि फोन गेला.

मी वहिनीला फोन लावला. तिने पहिल्या रिंगला उचलला. "गायमाळाच्या मागे," मी ओरडले, "घळीत, मोठ्या उंबराखाली." तीही त्यांच्याबरोबर रानात होती. तिने लगेच नवऱ्याला हाक मारली, आणि मला ऐकू आलं की सगळे तिकडे वळले. ती माणसं तोपर्यंत ओढ्याच्या पलीकडे शोधत होती, मी सांगितलेल्या ठिकाणी. गायमाळ उलट्या बाजूला होता.

आता मोरीवर थांबायचं कारण उरलं नव्हतं. आम्ही वाडीकडे निघालो. रस्ता संपतो तिथे जीप उभी केली. मी गायमाळाची पायवाट धरली आणि जीपवाला मोबाइलची बत्ती घेऊन माझ्या पुढे चालू लागला. त्याला त्या वाटेची काहीच माहिती नव्हती, तरी तो पुढे होता. वरून हाका ऐकू येत होत्या. वहिनीचा आवाज मी ओळखला. ती काकी, काकी असं एकदा ओरडली. उत्तर नाही. दुसऱ्यांदा ओरडली. उत्तर नाही. माझे पाय तिथेच थांबले. तिसऱ्या हाकेला खालच्या अंगाने बारीक आवाजात ओ आली.

आमच्याकडे तिन्हीसांजेला रानात पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. हाक मारणारं माणूस आहे की आणखी कोणी, ते कळत नाही. दोनदा थांबायचं, तिसऱ्यांदा द्यायची. आई मोडलेला पाय घेऊन घळीत पडली होती, सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नव्हता, आणि तरी तिने दोन हाका जाऊ दिल्या. वहिनीला ते ठाऊक होतं, म्हणून ती थांबून थांबून तीनदा ओरडली. मी ते साफ विसरून गेले होते.

मी पोचले तेव्हा आईला उंबराच्या मुळांना टेकवून बसवलं होतं. तोंडावर ओरखडे होते, डावा पाय गुडघ्याखाली सुजून जड झाला होता. तिच्या उजव्या हातात फोन होता. तो हात ती खाली घेत नव्हती. वहिनीने हळूच हात धरून खाली आणला तेव्हा कळलं, खांदा आखडला होता.

"रेंज वर होती," आई म्हणाली. "हात वर केला की वाजायचा. कानाला लावला की जायचा. म्हणून तुला मिस देत राहिले."

म्हणजे हवालदारांचा प्रश्न बरोबर होता आणि माझं उत्तर अर्धंच खरं होतं. प्रत्येक वेळी ती बंद करत नव्हती. काही वेळा ती फोन उंच धरून वाजवायची, आणि वाजतोय का ते ऐकायला कानाशी आणला की तो आपोआप तुटायचा. शेवटच्या फोनला ती हात वर ठेवूनच ऐकत आणि ओरडत होती.

ठाकूरवाडीतल्या माणसांनी घोंगडी आणि दोन काठ्यांची झोळी केली. आईला त्यात घातलं तेव्हा ती कण्हली, नंतर नाही. गायमाळावरून खाली येताना मी झोळीच्या कडेला हात लावून चालत होते. चौकीतून आलेला शिपाई रस्त्यावर भेटला, त्याने गाडीत पुढे बसून मुरबाडपर्यंत सोबत केली. गाडी वाटेत पुन्हा मिसिंग मारत होती.

मुरबाडच्या हाडांच्या डॉक्टरांनी नडगी मोडल्याचं सांगितलं. मग त्यांना कमरेचीही शंका आली आणि त्यांनी आणखी एक एक्स-रे काढायला लावला. खुब्याला केसासारखी बारीक चीर होती. "ही नुसतं बघून मिस होते बऱ्याचदा," ते म्हणाले. "मग पेशंट चालायला लागतो आणि हाड सरकतं." आई खाटेवर डोळे मिटून होती. मला वाटलं झोपली आहे. तिने डोळे न उघडता विचारलं, "काय मिस झालं?"

"काही नाही झालं," डॉक्टर म्हणाले. "सापडलं."

नवरा तोवर येऊन पोचला होता. त्याने जीपवाल्याला थांबवून जेवायला घातलं. जीपवाला जाताना आत येऊन आईला बघून गेला. "येतो आई," म्हणाला. आईने त्याला विचारलं, तुमचं गाव कुठलं. तो कसाऱ्याकडचा निघाला.

त्यानंतर आई शहापूरला आमच्याकडे राहिली. आधी खाटेवर, नंतर वॉकर धरून, नंतर काठीवर. त्या दिवशी घळीत काय झालं, ते तिने मला एकदम सांगितलं नाही. एका दुपारी मी तिच्या केसांना तेल लावत होते तेव्हा आपणहून बोलायला लागली. कारवी तोडून भारा बांधला होता. भारा डोक्यावर घेऊन उतरताना पाय सुक्या गवतावरून सटकला. भारा एकीकडे गेला, ती दुसरीकडे. आधी वाटलं उठू. उठता येईना तेव्हा वाटलं, थोडं पडून उठू. मग सावली सरकली तशी तीही सरकत सरकत उंबराखाली गेली.

"भीती वाटली का?" मी विचारलं.

"वानरं आली होती," ती म्हणाली. "उंबरावर बसून बघत होती माझ्याकडं. त्यांची नाय वाटली. मला तुझी वाटत होती. तू शाळा सोडून येशील, एवढ्या लांब, जीपगाडीतून. वाटेत काय झालं तर."

मी तेल लावत राहिले.

"मी मिस देत होते ते येऊ नको म्हणून," ती पुढे म्हणाली. "जिती हाय म्हणून सांगत होते. रोजच्यासारखं."

मी तिच्या मागे बसले होते, त्यामुळे माझा चेहरा तिला दिसला नाही. तिच्या हिशेबाने तो रोजचाच निरोप होता, फक्त वेळ चुकलेली. त्या दिवशी मोरीवर बसून मी त्या रिंगांमध्ये जे जे ऐकलं होतं, त्यातलं काहीच तिने पाठवलेलं नव्हतं.

"मग शेवटी सांगितलंस ना, पाय उचलत नाही म्हणून?"

"तू विचारलंस ना. विचारल्यावर खोटं कसं बोलू."

खुब्याची चीर भरल्यावर तिने घरी जायचं काढलं. नवरा म्हणाला, इथेच राहा. मीही तेच म्हणाले, भांडले, एक दिवस अबोला धरला. ती ऐकून घ्यायची आणि संध्याकाळी पुन्हा पिशवी भरायला लागायची. शेवटी वहिनीलाच फोन करून सांगितलं, आई येतेय. वहिनी म्हणाली, आमी हाय ना. होळीच्या आधी मी तिला वाडीवर सोडून आले. अंगण सारवलेलं होतं, वहिनीच्या सासूने दारात पाण्याची कळशी भरून ठेवली होती. आईने काठी भिंतीला लावली, कळशी उचलायला वाकली आणि मी ओरडले. ती तशीच वाकलेली राहिली, मग कळशी सोडून उभी राहिली आणि म्हणाली, "बरं. तूच आण आत."

आता मी दर शनिवारी जाते. ती थोडी लंगडते. थंडीत खुबा दुखतो म्हणते, उन्हाळ्यात म्हणत नाही. डोंगराकडे एकटी जात नाही असं ती मला सांगते. मी वहिनीलाही विचारून घेते. वहिनी म्हणते, नाय जात. आणि आई नेमकी त्याच वेळी मागच्या दारी काहीतरी शोधायला निघून गेलेली असते.